उबुंटू सर्व्हरवर जित्सी (व्हिडिओ मीटिंगचं सॉफ्टवेअर) टाकलंय, दोघांत मस्त चालतं पण तिसरा आला की सगळ्यांचा व्हिडिओ काळा होतो. २० मुलांचा क्लास घ्यायचाय, काय चुकतंय?

तुमचं इन्स्टॉलेशन बहुतेक बरोबरच आहे, हाच प्रॉब्लेम मला आत्याच्या गाण्याच्या क्लाससाठी सर्व्हर लावताना आला होता. होतं काय की मीटिंगमध्ये दोघंच असतील तर जित्सी त्यांना थेट एकमेकांशी जोडतं, तेव्हा व्हिडिओ तुमच्या सर्व्हरवरून जातच नाही, तिसरा आला की मग सगळं व्हिडिओब्रिजकडे, म्हणजे सर्व्हरवर सगळ्यांचे व्हिडिओ फिरवणाऱ्या जित्सीच्या भागाकडे वळतं. म्हणजे दोघांत चाललं म्हणून सर्व्हर नीट लागला असं समजायचं नाही, टेस्ट कायम तीन डिव्हाइसवर करा, आणि त्यातला एक तरी मोबाइल डेटावर ठेवा.

व्हिडिओब्रिजला यूडीपी १०००० पोर्ट लागतो (यूडीपी आणि टीसीपी हे डेटा पाठवायचे दोन वेगळे प्रकार आहेत). तो उबुंटूच्या फायरवॉलमध्ये उघडला तरी क्लाउडवाल्याच्या पॅनलमध्ये वेगळी फायरवॉल असते, तिथेही उघडावा लागतो. मी तिथे १०००० टाकला होता पण प्रकार टीसीपी राहिला होता आणि त्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावा आणि तिसऱ्याला आत बोलवा, १०००० वर पॅकेट यायला लागले पाहिजेत. दोन्हीकडे पोर्ट उघडूनही काहीच येत नसेल तर सर्व्हर नॅटच्या मागे असणार, म्हणजे त्याचा स्वतःचा आयपी खाजगी आणि बाहेरून दिसणारा पब्लिक आयपी वेगळा, आणि ब्रिज लोकांना स्वतःचा खाजगी आयपी सांगत असणार, मग त्याच्या सेटिंगमध्ये खाजगी आणि पब्लिक असे दोन्ही पत्ते भरून ब्रिज रीस्टार्ट करायचा.

२० मुलांचं म्हणाल तर ब्रिज व्हिडिओ एकत्र करत नाही, प्रत्येकाचा व्हिडिओ बाकीच्यांना नुसता पुढे पाठवतो, त्यामुळे सीपीयूपेक्षा बँडविड्थ जास्त खातो. सगळ्यांचे कॅमेरे चालू असले तर २० गुणिले १९, म्हणजे ३८० स्ट्रीम बाहेर जाणार! 'चॅनेल लास्ट एन' नावाचं सेटिंग आहे, ते ५-६ वर ठेवा, म्हणजे प्रत्येकाला एका वेळी तेवढेच चेहरे दिसतात, शिकवायला पुरतात. रॅम ८ जीबी घ्या.

एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं (ते फुकट मिळतं) चालतं, पण ते ९० दिवसांचं असतं, आपोआप रिन्यू होतंय ना ते बघून ठेवा, कारण एचटीटीपीएस नसेल तर ब्राउझर कॅमेराच देत नाही.

आणि हे प्लीज विसरू नका, नुसतं इन्स्टॉल केलेल्या जित्सीवर पत्ता माहीत असलेला कोणीही येऊन रूम उघडू शकतो. लहान मुलं असणार आहेत, तेव्हा प्रॉसडीमध्ये (जित्सीचा लॉगिन सांभाळणारा भाग) लॉगिन चालू करा, रूम फक्त शिक्षकांनाच उघडता आली पाहिजे.

टीसीपीडंपमध्ये काय दिसतंय ते खाली लिहा, मी बघतो.