तळटीपेतला ‘सीएमडी. २०७१’ ग्रंथालयात का सापडत नाही?

१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवरचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या सावकारांविरुद्धच्या उठावावरचा अहवाल तुम्हाला हवा आहे, तळटीपेत ‘पार्लमेंटरी पेपर्स, १८७८, सीएमडी. २०७१’ एवढंच दिलंय आणि ग्रंथालयात या क्रमांकाने काहीच निघत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आकडा बरोबर आहे, पुढची अक्षरं चुकलीत. तिथे ‘सी. २०७१’ हवं.

राजाज्ञेने ब्रिटिश संसदेपुढे ठेवलेल्या या कागदांना ‘कमांड पेपर’ म्हणतात. त्यांची मालिका काही दशकांनी संपते, आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात आणि अक्षरं बदलतात. १८७० ते १८९९ ‘सी.’, १९०० ते १९१८ ‘सीडी.’, १९१९ ते १९५६ ‘सीएमडी.’. त्यामुळे सीएमडी. २०७१ मागितलंत तर १९२० च्या दशकातला भलताच कागद हाती येईल. ही गल्लत चांगल्या अभ्यासकांच्या पुस्तकांतही दिसते, म्हणून साल आणि अक्षरं जुळतात का ते आधी पाहायचं. माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवाल सीडी. ९१०९ (१९१८), पंजाबातल्या अत्याचारांवरचा हंटर समितीचा अहवाल सीएमडी. ६८१ (१९२०), सायमन कमिशनचे दोन खंड सीएमडी. ३५६८ आणि ३५६९ (१९३०). बघा, जुळतंय.

दुसरी अडचण तालिकेची, म्हणजे ग्रंथालयाच्या कॅटलॉगची. हे अहवाल बऱ्याचदा अधिवेशनवार बांधलेल्या जाडजूड खंडांत असतात, त्यामुळे एकेका अहवालाची वेगळी नोंद नसते. लेखकाच्या जागी ‘ग्रेट ब्रिटन. पार्लमेंट’ घालून शोधा. तळटीपेत सालापुढे रोमन आकडा असेल तर तो खंडाचा, तो मुळीच गाळू नका. एवढं घेऊन संदर्भ विभागातल्या ग्रंथपालांकडे गेलात तर काम पटकन होतं. संसदीय कागदपत्रांचा संपूर्ण डिजिटल संग्रह सशुल्क आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने वर्गणी भरली आहे का, तेही त्यांनाच विचारा. संसदेतल्या चर्चा मात्र हॅन्सार्डच्या (संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत वृत्तांताच्या) संकेतस्थळावर १८०३ पासून फुकट वाचता येतात.

तुमच्या विषयाला आणखी एक वाट आहे, आणि मी आधी तीच धरेन. हाच अहवाल १८७६ मध्ये मुंबईतही छापला गेला होता. तेव्हा ‘बॉम्बे’ या शीर्षाखालीही शोधा. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय, मुंबईत एशियाटिक सोसायटी, इथे विचारा. दोन्ही प्रती मिळाल्या तर परिशिष्टं ताडून बघा. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांकडची कर्जखतं का जाळली गेली, याचा खरा ऐवज परिशिष्टांतल्या साक्षींत आणि तक्त्यांत असतो. नुसता मुख्य अहवाल वाचून प्रबंध लिहू नका, ही कळकळीची विनंती.

छापील अहवालामागच्या फाइली, म्हणजे कलेक्टरांची पत्रं, सचिवांचे शेरे, हे ग्रंथालयात मिळणार नाही. त्यासाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार गाठा आणि महसूल व न्याय, दोन्ही खात्यांचे खंड मागवा. लंडनला जायचा योग आला तर अनेकजण सरळ क्यू या उपनगरातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये जातात. इंडिया ऑफिसचं, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या खात्याचं दप्तर मात्र सेंट पँक्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिथलं वाचक-ओळखपत्र फुकट मिळतं. पण ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्याने त्यांच्या ऑनलाइन सेवा विस्कटल्या होत्या, म्हणून तिकीट काढण्याआधी हवी ती फाइल वाचायला मिळेल ना, हे ईमेलने विचारून घ्या.