बीएस-६ ट्रकच्या डिझेलमध्ये अ‍ॅडिटिव्ह (बाटलीतून मिळणारं वरचं रसायन) टाकावं का?

गाडी रोज चालत असेल आणि खात्रीच्या पंपावर भरत असाल, तर नको. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत दहा भागांच्या, आत असतं आणि सिटेन, म्हणजे डिझेल किती पटकन पेट घेतं त्याचा आकडा, किमान ५१. गंधक काढल्यावर डिझेलचा वंगणगुण घटतो हे खरं, पण तो भरून काढणारं रसायन डिझेल पंपावर येण्याआधीच मिसळलेलं असतं. 'मायलेज वाढेल' असं छापलेल्या बाटलीवर पैसे घालण्यापेक्षा टायरमधली हवा तपासा, फरक तिथे दिसेल.

खरा शत्रू पाणी. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरना ज्या सामाईक नळीतून डिझेल मिळतं, त्या कॉमन रेलमध्ये दाब दीड हजार बारच्या वर जातो. त्या दाबाला पाण्याचे थेंबही इंजेक्टर खराब करतात आणि सगळे इंजेक्टर बदलायचे म्हणजे मालकाचं कंबरडंच मोडतं. म्हणून डिझेलमधलं पाणी वेगळं धरणारा वॉटर सेपरेटर वेळच्या वेळी रिकामा करा, पावसाळ्यात जास्तच. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दव धरत नाही. डिझेल फिल्टर अस्सलच घ्या.

थंडीत लडाखकडे भाडं असेल तर गोष्ट वेगळी. साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदतो. तिथे इंडियन ऑइलचं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल मिळतं, तेच भरा. रॉकेल मिसळू नका, गाडीतला डिझेल ढकलणारा पंप कोरडा घासतो.

आणि क्लीनरला नीट दाखवून ठेवा: डीईएफ म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी, त्याची टाकी वेगळी. ते चुकून डिझेलमध्ये गेलं तर स्टार्टर मारू नका, इग्निशनही चालू करू नका. आधी टाकी उपसून घ्या.