साचलेला ताण हिंसेकडे कधी वळतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ‘नोकरी गेली, संसार मोडला, म्हणून गर्दीवर गोळीबार केला’ अशा बातम्या वाचतो. एवढी संकटं तर असंख्य लोकांवर येतात. मग याला कारण म्हणायचं की निमित्त?

उत्तर : शेवटचा आघात बहुतेक वेळा निमित्तच असतो. जॅक लेविन आणि एरिक मॅडफिस या अभ्यासकांनी २००९ मध्ये शाळांमधल्या हत्याकांडांचे पाच टप्पे मांडले. आधी वर्षानुवर्षं चालत आलेला ताण : अपमान, अपयश, नाकारलं जाणं. मग तो पेलायला मदत करणाऱ्या माणसांचा अभाव. त्यावर एखादा ताजा आघात, जो इतरांना किरकोळ वाटेल पण त्या माणसाला सगळं संपल्यासारखा वाटतो. त्यानंतर आखणी, आणि शेवटी कृत्य.

यातल्या दुसऱ्या टप्प्याकडे फार कमी लक्ष जातं. आमच्या मते कळीचा टप्पा तोच. त्याच संकटात सापडलेल्या दुसऱ्या माणसाला ‘आज जेवलास का?’ असं विचारणारं कुणीतरी असतं, म्हणून तो सावरतो. ज्याच्यापाशी असं कुणी नसतं, त्याच्या मनात एकच विचार घोळत राहतो. ‘माझं असं झालं’ याचं हळूहळू ‘यांनी माझं असं केलं’ होतं. दुःखाला असा दोषी सापडला की त्याचा सूड होऊ लागतो. पुष्कळदा आत्महत्येचा विचारही सोबत असतो. अमेरिकी सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने १९७४ ते २००० मधल्या ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला. त्यातल्या ४१ हल्लेखोरांपैकी ७८ टक्क्यांनी आधी आत्महत्येचा प्रयत्न केला होता किंवा तसे विचार त्यांच्या मनात होते. म्हणून ‘मला जगायचंच नाही’ आणि ‘त्यांना सोडणार नाही’ ही दोन वाक्यं एकाच तोंडून आली, तर ती एकत्रच ऐकावीत.

‘अचानक डोकं फिरलं’ हे स्पष्टीकरण मात्र सोडून द्यावं. एफबीआयने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेत २००० ते २०१३ मध्ये गर्दीत गोळीबार करणारे ६३ हल्लेखोर होते. हल्ल्याआधीच्या वर्षात प्रत्येकावर सरासरी ३.६ वेगवेगळे ताण होते. ज्यांच्या आखणीचा कालावधी समजू शकला, त्यांतल्या ७७ टक्क्यांनी ती आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस केली होती. मानसिक आजाराचं निदान आधी झालेले होते फक्त २५ टक्के. ‘वेडा होता’ म्हणून विषय संपवला की बाकीचे नजरेतून सुटतात, आणि मानसिक आजार असलेल्या निरुपद्रवी माणसांवर विनाकारण संशय येतो.

प्रश्न : मग ताणांची यादी करून, गुण देऊन धोकादायक माणूस आधीच ओळखता येईल का?

उत्तर : नाही. होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांची १९६७ ची, आयुष्यात ताण आणणाऱ्या ४३ घटनांना गुण देणारी मोजपट्टी प्रसिद्ध आहे. तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत, घटस्फोटाला ७३. पण ती आजारपणाचा संभव पाहण्यासाठी केलेली आहे. हिंसा इतकी विरळा आहे की अशी यादी लावली तर जवळजवळ सगळेच संशयित निर्दोष निघतील. मोजायचं ते माणसाच्या वागण्यातला बदल.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. नववीतला एक मुलगा वर्गात म्हणाला, ‘एक दिवस सगळ्यांना दाखवतो.’ मुलं हसली. मी तक्रार करावी की दुर्लक्ष?

उत्तर : दुर्लक्ष नको, आणि लगेच शाळेतून काढून टाकणंही नको. त्याच दिवशी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा : तारीख, वेळ, कुणी ऐकलं. मोबाइलवर काही आलं असेल तर पुसू नका. मग मुख्याध्यापक, समुपदेशक आणि तुम्ही मिळून ठरवा की ही रागाच्या भरातली धमकी आहे की ठोस. रागाच्या भरातली असेल तर मुलगा शांत झाल्यावर ती मागे घेतो, नेमकं काय झालं ते सांगतो. ठोस धमकीत तपशील असतात : कोण, कुठे, केव्हा, कशाने. तीच गोष्ट तो अनेकांना सांगतो, शस्त्राची चौकशी करतो, जुन्या हल्लेखोरांबद्दल कौतुकाने बोलतो. यातलं काहीही आढळलं तर पोलीस आणि पालक या दोघांनाही त्याच दिवशी कळवा आणि ज्याचं नाव घेतलं असेल त्याला सुरक्षित ठेवा.

मुलांनाही वेगवेगळं बसवून विचारा. वर सांगितलेल्या शालेय अभ्यासात ८१ टक्के घटनांमध्ये हल्ल्याची कुणाला तरी आधी कल्पना होती, बहुतेक वेळा सोबतच्या मुलांनाच. ‘चुगली’ म्हणवून घ्यायला नको म्हणून मुलं गप्प बसतात.

शिक्षेबद्दल एक सांगायलाच हवं. मुलाला निलंबित करून घरी एकटं पाठवलं की तोच त्याच्यासाठी ताजा आघात ठरू शकतो, शिवाय आखणीला मोकळा वेळ मिळतो. घरी ठेवायचंच असेल तर मोठं माणूस सोबत हवं, शाळेतल्या एका ठरलेल्या व्यक्तीचा रोज फोन हवा आणि परत येण्याची तारीख आधीच सांगितलेली हवी.

प्रश्न : भावाची नोकरी गेली, बायको सोडून गेली. तो आता जुन्या साहेबांबद्दल तासन्‌तास बोलतो. मी विषय बदलते. चुकतंय का?

उत्तर : विषय बदलू नका. ‘सोडून दे’, ‘पुढे बघ’ असंही म्हणू नका. त्याला ते ‘तूही त्यांच्यातलीच’ असं ऐकू येतं. शांत वेळ बघून सरळ विचारा : ‘तुला कुणाला इजा करावीशी वाटते का? स्वतःला?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा प्रश्न : ‘कसं, केव्हा, ते ठरवलंयस का?’

ठरवलेलं नसेल तर त्याच्या ओझ्यातली एक गोष्ट याच आठवड्यात हलकी करा : थकलेला हप्ता, अडलेला कागद, वकिलाची भेट. सगळं एकदम सोडवायला गेलात तर काहीच होणार नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं ते ‘झोप लागत नाही’ या कारणाने सुचवा, सोबत जा. घरात शस्त्र असेल तर ते बाहेर, दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जायला हवं; नुसतं लपवणं पुरत नाही.

बेत ठरलेला असेल, किंवा तो एकाएकी शांत झाला, वस्तू वाटू लागला, निरोपाचं बोलू लागला, तर त्याला एकटं सोडू नका आणि आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा. त्याच्या हातात शस्त्र असेल तर मात्र आधी स्वतः बाहेर पडा, फोन तिथून करा.