व्हेन की व्हाइल, आणि त्यातून निघालेलं शाबास

प्रश्न असा आलाय की व्हेन, व्हाइल आणि ॲज यात फरक काय, आणि पुढे आयएनजी दिसलं की व्हाइल, नाहीतर व्हेन, हा क्लासमधला नियम बरोबर आहे का.

नाही! हा नियम ऐकून ऐकून कान किटलेत. परवा भाचीच्या वहीत 'व्हाइल वी लिव्ड इन परळ' हे वाक्य लाल पेनाने खोडून वर व्हेन लिहिलेलं बघितलं आणि डोकंच फिरलं. अहो, व्हेनही चालेल तिथे, पण व्हाइल चुकलं कुठे? परळला राहणं वर्षानुवर्षं चाललेलं, आणि व्हाइलला फक्त तेवढंच लागतं, काहीतरी चालू असलेलं, क्रियापदाची शेपटी कुठली का असेना. गाडी दादरला पोचली हा क्षण, तिथे व्हेनच. म्हणजे आपलं 'पोचली तेव्हा' आणि 'राहत असताना', इतकं सरळ.

खरी मजा पुढे आहे. व्हाइल हे मुळात नाम, अर्थ वेळ, अवधी, 'फॉर अ व्हाइल'मधे ते अजून तसंच आहे. जुन्या इंग्रजीत 'ज्या वेळात की' असं अख्खं लांबलचक म्हणायचे, ते झिजून एवढंसं उरलं. आणि त्याच्या मुळाचा अर्थ विसावा! त्याच मुळावरून लॅटिनमधे विश्रांतीचा शब्द आला, ज्याच्यातून इंग्रजीत क्वाएट, आणि इकडे फारसीत शाद, म्हणजे आनंदी. शाद बाश, आनंदी राहा, तेच आपलं शाबास! म्हणजे व्हाइल आणि शाबास लांबची भावंडं. मला तर वाटतं आधी माणूस निवांत बसला असेल आणि मग त्या बसण्यालाच वेळ म्हणायला लागला असेल.

यावर कोणीतरी हॉब्सन-जॉब्सन, म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांचा जुना कोश, काढून दाखवतंच, की १८८६ च्या त्या कोशात शाबास म्हणजे शाह बाश, अर्थ 'राजा हो', असं दिलाय. दिलाय, आणि चुकीचा दिलाय. १९०३ च्या आवृत्तीत संपादकाने तिथेच कंसात दुरुस्ती केली, शाद बाश म्हणून. ती ओळ वाचायचे कष्ट घ्या की जरा, शाह कुठून आणताय मधेच.

हां, ॲज राहिलं. दोन गोष्टी जोडीने बदलत असतील तर ॲज. जसजसा पाऊस वाढला तसतशा गाड्या रखडत गेल्या, यातलं जसजसा म्हणजे ॲज.