चुलीवर चीक आणि हातात रहस्यकथा

प्रश्न : आमचे गाव दिग्रस तालुक्यात आहे. कापसाची उलंगवाडी केव्हाच झाली. आता घरात कुरड्या, मुगवड्या आणि सरगुंडे यांचे दिवस आहेत. गावातील वाचनालयातून एक रहस्यकथा आणली आणि ती हातातून सुटेनाशी झाली. परवा चीक शिजवताना 'एवढे प्रकरण संपवू' म्हणून पुस्तक उघडले आणि प्रकरण संपेपर्यंत पातेल्यात गुठळ्या झाल्या. सासूबाई म्हणतात की असली पुस्तके म्हणजे रिकामपणाचे उद्योग आहेत. बरे, पुस्तक मिटले तरी ते दिवसभर डोक्यात घोळत राहते. काय करावे?

उत्तर : चिकाच्या बाबतीत सासूबाईंचे म्हणणे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून आणि गाळून जे सत्त्व हाती येते, ते आधणात पडले की सतत घाटावे लागते आणि तेवढ्या वेळात कोणत्याही खुन्याला सवड देता येत नाही. पुस्तकांविषयीचे त्यांचे मत मात्र मला पटत नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या रिकामटेकड्यांसाठी होत्या असे म्हणायचे, तर दिवसभर राबून रात्री त्या वाचणाऱ्या सगळ्यांनाच रिकामटेकडे म्हणावे लागेल.

आता मूळ अडचण. तिचे कारण आपल्या पत्रातच आहे : 'एवढे प्रकरण संपवू.' रहस्यकथेचा लेखक जेथे प्रकरण संपवतो तेथे गोष्ट मुळीच संपवत नाही. उलट दार वाजते, पत्र सापडते, किंवा मेला असे समजलेला मनुष्य बसस्थानकावर उभा दिसतो आणि प्रकरण नेमके तेथेच तोडले जाते. म्हणजे प्रकरण संपल्यावर पुस्तक ठेवण्याचा निश्चय हा गळाजवळ जाऊन थांबण्याचा निश्चय असतो. थांबायचे असेल तर प्रकरणाच्या मध्यावर थांबावे. एखादी चौकशी आटोपली, पात्रे जेवायला बसली, कोणी प्रवासाला निघाले, अशा जागी खूण घालून मिटलेले पुस्तक निमूटपणे मिटते. हा नियम मला फार उशिरा सुचला. तोपर्यंत किती वेळा दूध उतू गेले ते विचारू नये.

शिवाय उन्हाळ्यातील काही कामे वाचनासाठीच असावीत अशी आहेत. सकाळी घातलेल्या कुरड्या बाजेवर वाळत असताना कोंबड्यांपासून आणि शेळ्यांपासून त्यांची राखण करावी लागते आणि राखणीला अधूनमधून मान वर केली की पुरते. ते काम आपण होऊन मागून घ्यावे. बसावे मात्र कडुलिंबाच्या सावलीत, कारण उन्हात पांढऱ्या कागदाने डोळे दिपतात, आणि झळा लागू लागल्या की घरात यावे. पुस्तक बाजेवर विसरू नये. स्वस्त बांधणीचा गोंद उन्हाने सुटतो आणि शेवटची पाने गळाली तर वाचनालयातील पुढचा वाचक आपल्याला आयुष्यभर क्षमा करणार नाही. ते कूलरसमोरही ठेवू नये. कूलर हवेत पाणी मिसळूनच ती गार करतो आणि तो ओलावा कागद शोषून घेतो, त्यामुळे पाने फुगतात.

राहिली डोक्यात घोळण्याची गोष्ट. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९२७ साली असे निरीक्षण प्रसिद्ध केले की पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा मध्येच थांबवलेली कामे माणसाला अधिक आठवतात. नंतरच्या सर्व प्रयोगांना तसे आढळले नाही, परंतु रहस्यकथा अर्धी सोडून भांडी घासायला बसलेल्या कोणालाही ते खोटे वाटणार नाही. मी या घोळण्याला दोष मानत नाही. एका बैठकीत पुस्तक संपवणारा लेखकाने दाखवलेलेच पाहतो; पापड लाटता लाटता विचार करणारी मात्र 'त्या रात्री माळ्याला विहिरीवर जाण्याचे कारणच काय होते' असा स्वतःचा प्रश्न काढते. अशीच वाचक खुन्याला लेखकाच्या आधी पकडते.

प्रश्न : निम्मे पुस्तक झाले असताना धाकट्या दिराने खुनी कोण ते सांगून टाकले. आता पुढे वाचण्यात अर्थ आहे काय? (एक वाचक, भंडारा जिल्हा)

उत्तर : दिराशी दोन दिवस बोलू नये, पण पुस्तक पुरे करावे. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शाखेतील लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड या संशोधकांनी बारा लघुकथा वाचकांना दिल्या. ज्यांना शेवट आधी सांगितला होता त्यांना त्या सरासरीने थोड्या अधिकच आवडल्या आणि त्यांत रहस्यकथाही होत्या. लघुकथेचा हा अनुभव तीनशे पानांच्या कादंबरीला जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणणार नाही. तरीही, रांजणाखालच्या ओलीत नाग बसला आहे हे वाचकाला ठाऊक असावे आणि तहानलेली पोर तांब्या घेऊन तिकडे निघावी, यात जी धाकधूक आहे ती नाग अचानक दिसण्यात नाही. आता आपल्याला नाग ठाऊक झाला आहे. तो खुनी आधीच्या प्रत्येक प्रसंगात कसा गोड बोलत होता, हे पाहत पुढे जावे.

प्रश्न : विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे माझा चौदा वर्षांचा नातू सध्या पुस्तकांवर तुटून पडला आहे. वीज गेली की आम्ही गच्चीवर झोपतो. तेथे तो मोबाईलच्या उजेडात रहस्यकथा वाचतो आणि मग भीतीने पाणी प्यायलाही खाली उतरत नाही. पुस्तक काढून घ्यावे काय? (सेवानिवृत्त शिक्षक, अकोला जिल्हा)

उत्तर : काढून घेऊ नये, त्याने तो ते चोरून वाचील आणि भीती दुप्पट होईल. वाचन दुपारी होऊ द्यावे, आणि रात्री गच्चीवर अंथरुणे पडली की त्या दिवशी वाचलेला भाग त्याला आपल्याला सांगायला लावावा. भीतीदायक प्रसंग आपल्या तोंडाने सांगताना मुलाला तो आवरावा लागतो, कोणत्या क्रमाने काय घडले ते जुळवावे लागते, आणि ऐकणाऱ्याने 'पण दाराला कडी होती ना?' असे विचारले की तो घाबरणे विसरून वकिली करू लागतो. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवावा. शेवट मात्र त्याला सांगू देऊ नये, कारण तोपर्यंत ते पुस्तक आपल्यालाही वाचावेसे वाटेल.