पोंग्यातली अळी आणि घरचे बियाणे : मका उत्पादकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : गेल्या खरिपात मक्यावर चार फवारण्या केल्या, तरी लष्करी अळी गेली नाही. यंदा कोणते औषध घ्यावे? (एक शेतकरी, मोताळा)

उत्तर : औषधाआधी वेळेचा विचार करू. २०१८ मध्ये कर्नाटकात भारतात प्रथम आढळलेली ही अमेरिकन लष्करी अळी लहान असताना पानाचा हिरवा भाग खरवडते आणि पानावर पांढुरके, खिडकीसारखे चट्टे उमटतात; मोठी झाली की ती पोंग्यात, म्हणजे झाडाच्या शेंड्याकडील कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, शिरते आणि तिच्या विष्ठेचे बूच बसल्यामुळे वरून मारलेले द्रावण तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून उगवणीनंतर दर आठवड्याला शेतात पाच ठिकाणी वीस-वीस झाडे पाहावीत. शंभरात पाचपर्यंत झाडांना अळी लागलेली असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो, आणि निंबोळ्या तर आपल्या बांधावरच पडतात. पोंगे वाढल्यावर प्रमाण दहाच्या पुढे गेले, तरच इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम, नोझल थेट पोंग्यावर धरून सायंकाळी फवारावे. तुरा बाहेर पडल्यानंतर रासायनिक फवारणीचा खर्च सहसा निघत नाही. आपली चौथी फवारणी बहुधा याच वेळी झाली असावी.

प्रश्न : संकरित मक्याची चांगली कणसे बियाण्यासाठी राखून ठेवली तर चालेल का? (एक महिला शेतकरी, देऊळगाव राजा)

उत्तर : नाही. संकराचा जोम पहिल्या पिढीतच पूर्ण असतो. पुढच्या पिढीत झाडे उंचीने व कणसाने असमान निघतात आणि उत्पादन घटते. बियाण्याचा खर्च टाळायचाच असेल, तर संमिश्र वाण, म्हणजे ज्याचे घरचे बियाणे पुन्हा पेरता येते असा वाण, घ्यावा. मक्याचे परागकण वाऱ्याने दूर जातात, त्यामुळे शेजाऱ्याच्या वेगळ्या मक्यापासून किमान २०० मीटर अंतर राखावे आणि बियाण्याची कणसे शेताच्या मधल्या भागातून, रोगमुक्त झाडांवरूनच निवडावीत.

प्रश्न : संततधार पावसानंतर काळ्या जमिनीतला मका पिवळा पडला, युरिया वाढवू का? (एक शेतकरी, चिखली)

उत्तर : आधी पाणी काढावे. पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, आणि तशा रानात टाकलेल्या युरियाचा बराचसा नत्र वायूरूपाने उडून जातो. चर खोदून वाफसा (जमिनीत पुरेशी ओल आणि हवा दोन्ही) आल्यावरच खताचा हप्ता द्यावा. पुढच्या वर्षी बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राने रुंद वरंब्यावर पेरणी केल्यास जास्तीचे पाणी सऱ्यांतून निघून जाईल.