नव्या संचातला ‘स्टार ट्रेक’: जुने चाहते नेमके कशावर चिडले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘स्टार ट्रेक’चे २००९, २०१३ आणि २०१६ सालचे तिन्ही चित्रपट सलग पाहिले, आवडले, २०१३च्याने तर गल्लाही भरपूर जमवला; मग जुन्या चाहत्यांची मतं वाचली आणि चक्रावलात. ही मंडळी नुसती ‘आमच्या वेळचं काही औरच’ म्हणून कुरकुरतायत, की त्यांच्या म्हणण्यात काही दम आहे?

मी त्याच मंडळींतली. तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मूळ मालिका लागायची: एंटरप्राइझ हे अवकाशयान, त्याचा कप्तान किर्क आणि त्याचा जिवलग मित्र स्पॉक. आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. ग्रहावर उतरलेल्या तुकडीतला लाल शर्टवाला हमखास मरतो, हा जगभरच्या ट्रेकींचा, म्हणजे स्टार ट्रेकच्या चाहत्यांचा, लाडका विनोद. आम्हा भावंडांना तो कित्येक वर्षांनी कळला, कारण आमच्या घरी सगळ्यांचेच शर्ट राखाडी. २००९च्या चित्रपटात किर्क, सुलू आणि ओल्सन असे तिघं यानातून खाली झेपावतात, त्यात ओल्सनचा पोशाख लाल. तो दिसताक्षणी दादा थिएटरात माझ्या कानाशी म्हणाला, “हा गेला.” आणि गेलाच! म्हणजे चित्रपट करणाऱ्यांनी आमची आठवण ठेवली होती. त्यामुळे २००९च्या चित्रपटावर जुने चाहते सरसकट तुटून पडले होते, हा समज आधी डोक्यातून काढून टाका.

चिडणं ही या चाहत्यांची जुनीच खोड आहे, हेही मान्य. मूळ मालिका १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षं चालली, ७९ भाग. त्यातलं तिसरं वर्षही चाहत्यांनी वाहिनीवर पत्रांचा पाऊस पाडून मिळवलेलं. १९८२च्या ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटात स्पॉक मरणार ही बातमी आधीच फुटली, तेव्हा असाच गहजब झाला. मग त्या चित्रपटात सुरुवातीलाच, प्रशिक्षणातल्या लुटुपुटूच्या लढाईत, स्पॉकला एकदा खोटंखोटं मारून प्रेक्षकांना गाफील केलं. १९८७ मध्ये नवं जहाज आणि नवा कप्तान घेऊन दुसरी मालिका आली, तेव्हाही ‘किर्क-स्पॉकशिवाय कसलं स्टार ट्रेक’ म्हणून नाकं मुरडली गेली. आज त्याच मालिकेच्या नावाने लोक गहिवरतात. तेव्हा नव्या संचाला नावं ठेवणं ही आमची सवय. आपल्याकडे नाटकवेड्या घरात मुरलेले काकाही तेच करतात.

पण सवयीच्या कुरकुरीत आणि खऱ्या रागात फरक असतो.

२००९ साली परिस्थिती काय होती ते बघा. २००२चा चित्रपट आपटलेला, २००५ मध्ये चालू असलेली मालिकाही गुंडाळलेली. दुकान जवळजवळ बंद. अशा वेळी दिग्दर्शक जे. जे. एब्रम्सकडे सूत्रं गेली, आणि लहानपणी आपण काही ट्रेकी नव्हतो हे त्यांनी लपवलंही नाही. पंचाईत अशी की चाळीस वर्षांचा पसारा पुसून टाकला तर जुने जातात, सांभाळत बसलं तर नवे येत नाहीत. त्यावरची युक्ती मला आजही आवडते. भविष्यातून नीरो नावाचा रोम्युलन जमातीचा परग्रहवासी २२३३ साली मागे येतो, केल्विन हे यान उडवतो, आणि तिथून काळाला नवा फाटा फुटतो. जुना काळ त्याच्या जागी शाबूत. नवीन माणसं नवीन फाट्यावर मोकळी. शिवाय जुन्या काळातला म्हातारा स्पॉक म्हणून साक्षात लेनर्ड निमॉय, मूळ मालिकेतला स्पॉक! घरातल्या ज्येष्ठाने सुनेच्या हाती किल्ल्या द्याव्यात तसं ते होतं. त्यापुढे आम्ही काय बोलणार?

केल्विनचा प्रसंग पुन्हा नीट बघा. यानाच्या भिंतीला भगदाड पडतं, एक कर्मचारी बाहेर खेचली जाते, आणि त्या क्षणी सगळा आवाज बंद. स्फोट, किंकाळ्या, काही नाही. अवकाशात आवाज नसतो, ही शाळेतली गोष्ट पडद्यावर पाळणारे विरळाच. मग जॉर्ज किर्क, बारा मिनिटांचा कप्तान, आठशे जणांना वाचवताना जातो आणि तिकडे त्याचं मूल जन्माला येतं. आमच्या रांगेत डोळे पुसणारी मी एकटी नव्हते.

तक्रारी तेव्हाही होत्याच. कॅमेऱ्यात शिरणारा तो झगमगाट इतका की यानाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रणकक्षात, लग्नाचं लायटिंग केलंय की काय वाटावं. पुढे खुद्द एब्रम्सनीही तो अति झाल्याचं कबूल केलं. इंजिन रूमचं चित्रीकरण बियरच्या कारखान्यात केलेलं, ते कळल्यावर प्रत्येक पाइपात बियरच दिसायला लागली. परीक्षेत लबाडी केली म्हणून चौकशीला उभा केलेला विद्यार्थी शेवटी थेट एंटरप्राइझचा कप्तान होतो, हे तर आपल्या पोलीसपटांतसुद्धा चाललं नसतं. पण या सगळ्या चहाच्या टपरीवरच्या गप्पा. त्यात प्रेमच जास्त होतं.

खरा राग २०१३चा. चित्रपट येण्याआधी वर्षभर चाहते विचारत होते: बेनेडिक्ट कंबरबॅच करतोय तो खलनायक म्हणजे १९८२च्या चित्रपटातला किर्कचा जुना वैरी खान आहे का? उत्तर ठाम ‘नाही’, त्याचं नाव जॉन हॅरिसन. चित्रपट अर्ध्यावर येतो आणि हॅरिसन सांगतो, माझं नाव खान. गंमत बघा, नव्या प्रेक्षकाला या नावाने काहीच फरक पडत नाही, किर्कलाही पडत नाही, कारण या फाट्यावर त्याने हे नाव कधी ऐकलेलंच नाही. ज्यांना ते ओळखीचं, ते वर्षभर तेच विचारत होते आणि त्यांना खोटं सांगितलं गेलं होतं. मग हे गुपित राखलं कुणासाठी? ही लपवाछपवी करायला नको होती, असं एब्रम्स नंतर म्हणाले.

त्याहून मोठं दुखणं शेवटच्या प्रसंगाचं. १९८२मध्ये किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत स्पॉक मरतो, काचेच्या अलीकडे किर्क, दोघांचे तळवे काचेवर. २०१३मध्ये तेच उलट: आत किर्क, बाहेर स्पॉक. संवादसुद्धा तिकडूनच उचललेले. १९८२मध्ये तो तळवा काचेवर टेकला तेव्हा त्या दोघांच्या मैत्रीला प्रेक्षकांच्या मनात पंधरा-सोळा वर्षं झाली होती. नव्या जोडीची ओळख एका चित्रपटाची. आणि स्पॉक “खान!” म्हणून जी आरोळी ठोकतो, ती मूळ चित्रपटात किर्कची. आमच्या थिएटरात त्या आरोळीला मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. दादा हसला नाही. त्याने शांतपणे पॉपकॉर्नचा पुडा मिटून खुर्चीखाली ठेवला. पुढे खानच्या रक्ताचं इंजेक्शन देऊन किर्क काही मिनिटांत जिवंत! स्पॉकला परत आणायला १९८४पर्यंत थांबावं लागलं होतं, आणि त्यापायी किर्कने जहाज आणि मुलगा दोन्ही गमावले होते.

आमचं म्हणणं इतकंच, की नवा फाटा काढलात तो मोकळं होण्यासाठी ना? मग दुसऱ्याच पावलाला जुन्या घराच्या माळ्यावर चढून भांडी का काढलीत? ‘जुनं बदललं’ म्हणून आम्ही चिडलो असं लोक समजतात. आमचा राग अगदी उलट कारणासाठी होता.

एक गोष्ट आपल्यासारख्यांना जास्त टोचली. पात्राचं पूर्ण नाव खान नूनियन सिंग. १९६७च्या भागात हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असं स्पष्ट म्हटलंय. तेव्हा ते काम केलं मेक्सिकोच्या रिकार्डो माँटलबान यांनी, म्हणजे तेही काही अमृतसरचे नव्हते, आणि नावाची खिचडी तर विचारूच नका. पण साठच्या दशकातल्या अमेरिकन टीव्हीवर, सगळ्यांना पुरून उरणारा बुद्धिमान माणूस सिंग आडनावाचा असणं हे लहान नव्हतं. २०१३मध्ये त्याच सिंगच्या जागी गोरापान ब्रिटिश. चेहरा शस्त्रक्रियेने बदलला, अशी सारवासारव मग कॉमिक्समधून झाली. कंबरबॅच अभिनेता उत्तम, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

गल्ल्याचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. २०१३च्या चित्रपटाने जगभरात २००९पेक्षा जास्त कमावलं, समीक्षकांनीही पाठ थोपटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासच्या संमेलनात जमलेल्या चाहत्यांनी सगळ्या चित्रपटांची क्रमवारी लावली, तर हा तळाला. स्टार ट्रेकचंच विडंबन करणारा १९९९चा एक विनोदी चित्रपट त्यांनी यादीत घुसवला, तो मात्र याच्या कितीतरी वर. ते एका दालनातल्या लोकांचं मत, जगाचं नव्हे, हे खरं. तरी चित्रपटाच्या एका लेखकाला ही टीका इतकी झोंबली, की चाहत्यांशी वाद घालताना त्याची जीभ सुटली आणि नंतर माफी मागावी लागली.

२०१६च्या ‘बियॉन्ड’बद्दल फार लिहीत नाही. धांगडधिंग्याचा पहिला ट्रेलर बघून आम्ही आधीच कपाळाला हात लावला होता. सहलेखक आणि स्कॉटीचं काम करणारे सायमन पेग यांनाही तो आवडला नव्हता. चित्रपट निघाला तिघांत सगळ्यात मूळ मालिकेच्या जातीचा, आणि कमाई तिघांत सगळ्यात कमी. निमॉय २०१५मध्ये गेले होते, चेकॉव्हचं काम करणारा अँटन येल्चिन प्रदर्शनाच्या महिनाभर आधी अपघातात गेला. म्हाताऱ्या स्पॉकच्या सामानात तरुण स्पॉकला जुन्या चमूचा एक फोटो सापडतो. तिथे कुणी आरोळी ठोकत नाही. तो नुसता फोटो बघतो. जुन्याची आठवण अशीही काढता येते.

तुम्हाला राग समजून घ्यायचाच असेल तर १९६७चा खानचा भाग आणि १९८२चा ‘द रॅथ ऑफ खान’ एका शनिवारी लागोपाठ बघा, आणि रविवारी २०१३चा पुन्हा. १९७९चा पहिला चित्रपट मात्र इतक्यात लावू नका. लावलाच, तर एंटरप्राइझभोवतीची प्रदक्षिणा सुरू झाली की चहाचं आधण ठेवा. कप हातात घेऊन बाहेर याल तेव्हाही ती चालूच असेल.